जुनं नाव

वर्षा डहाणूत एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅम लिहायची. त्या दुपारी तिचं काम अडलं होतं. प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा जुना कंपायलर टेम्प्लेटच्या, म्हणजे तयार साच्याच्या, नावात एक मोकळी जागा ठेवायचा. चुका शोधणारा नवा डिबगर मात्र ती जागा गाळून शोधायचा आणि 'सापडलं नाही' म्हणायचा.

"वस्तू तीच आहे, नाव तेवढं जुळत नाही," शेजारचा तुषार म्हणाला. "जुनं नाव हाताने टाकून बघ."

तिने टाकलं. पडद्यावर उमटलं: यादी<नवशी>.

तिने सगळ्या फायली धुंडाळल्या. हा शब्द कुठेच नव्हता. नवशी हे तिचंच पाळण्यातलं नाव. सहाव्या वर्षी शाळेत घालताना गुरुजींनी वर्षा लिहिलं आणि हळूहळू आईनेही नवशी म्हणायचं सोडलं. डहाणूत हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

तिने यादी उघडली. आत एकच नोंद होती. वय सहा.

तिने घाईने प्रोग्रॅम बंद केला. तेवढ्यात गावाहून, झरीहून, आईचा फोन आला. आई अगदी हळू बोलत होती.

"वर्षा, दारात एक पोरगी आलीये. पाच-सहा वर्षांची असेल. भुकेली दिसली म्हणून ओट्यावर बसवून भात वाढला."

"कोणाची आहे?"

"सांगत नाही. नुसती माझ्याकडे बघते."

"नाव विचारलंस?"

"विचारलं. म्हणते, 'तुला माहीत आहे. तू हाक मार, मग मी आत येते.'" आईने आवाज आणखी खाली आणला. "मारू का गं?"