वरची स्लाइड

“दाखव हात,” उत्तम म्हणाला.

दुर्गानं हात पदराखाली घेतला. पण लालबागच्या चाळीतली दहा बाय दहाची खोली ती, लपवून लपवणार किती? तर्जनीचं नख काळंनिळं पडलं होतं.

“डाय लागली. होतं असं कामावर.”

संपाला वर्षं उलटली होती, पण उत्तमच्या लेखी तो अजून चालूच होता. रोज सकाळी तो गिरणीच्या बंद गेटावर जाऊन बसायचा. घर चालायचं दुर्गाच्या हातांवर, आणि ते हात चिंचपोकळीच्या पुलाजवळच्या एका गाळ्यात माठाच्या प्लास्टिकच्या तोट्या काढायचे. तोटीचा लोखंडी साचा, म्हणजे डाय, उघडला की भोक पाडणारी स्लाइड वर सरकायची. तिनं वरच थांबायला हवं. पण तिला धरून ठेवणारी खिटी झिजून गेली होती, त्यामुळे मनात येईल तेव्हा स्लाइड घसरून खाली यायची, आणि नेमकी तोटी काढायला हात आत गेला की यायची. दुर्गाच्या आधी त्या मशीनवर नलू होती. नलू आता घरीच असते. बोटं गेल्यावर तिला कोण कामावर ठेवणार?

“वर धरायला काहीच नाही?” उत्तमनं विचारलं.

“मालक म्हणतो बघू. रामदास मिस्त्री म्हणतो, स्प्रिंगवर टिकेल असलं पोलाद मिळत नाही.”

“जागा केवढी आहे बाजूला?”

“असेल वीतभर. तुम्हांला काय करायचंय?”

उत्तमची नजर फळीवरच्या लाल फडक्याकडे गेली, आणि दुर्गाचं डोकंच फिरलं.

त्या फडक्यात त्याच्या गिरणीतल्या मागाचा तुकडा होता. धोटा पेटीत शिरला की त्याला दाबून धरणारी वाकडी पट्टी. संपाच्या दिवशी ती सोडवून, जेवणाच्या डब्याखाली घालून त्यानं घरी आणली होती. माझ्या मागावर दुसऱ्या कुणी धोटा मारायचा नाही, गिरणी उघडली की मीच माझ्या हातानं बसवणार, असं तो चाळभर सांगत सुटला होता. आता चाळीतलं कुणी विचारत नव्हतं, आणि तोही सांगत नव्हता. पण दुर्गानं ती भंगारात घालायचं नाव काढलं की दोन दिवस अबोला ठरलेला.

“बघा, बघा तिकडंच,” ती म्हणाली. “तुमचा जीव त्या लोखंडावर. बायकोची बोटं राहिली काय नि गेली काय!”

उत्तम सकाळी नेहमीसारखा गेटावर निघून गेला.

आणि त्याच आठवड्यात देव पावला. दुर्गा कामावर गेली तर डायच्या बाजूला एक काळं पोलाद बसवलेलं, वापरून वापरून गुळगुळीत झालेलं. स्लाइड वर गेली की खट्‌ करून थांबायची, डाय मिटायला लागली की गुमान सुटायची. दुर्गानं भीत भीत हात घातला, मग न भिता घातला. जेवायच्या सुट्टीत ती मोरीत जाऊन मन भरून रडली.

दुसऱ्या दिवशी तिनं रामदास मिस्त्रीसाठी नारळाच्या वड्या नेल्या.

“मिस्त्री, तुमचे उपकार जन्मभर नाही विसरायची.”

रामदास ओशाळला. “मी नुसतं बसवलं हो, वहिनी. तुमच्या धन्यांना पण द्या चार वड्या.”

गाळ्यात सगळे तिला दुर्गाबाई म्हणत. हा कधीपासून वहिनी म्हणायला लागला? माणूस खरंच देवगुणाचा, असं तिला वाटलं.

त्या आनंदाला एवढंच गालबोट लागलं की खलबत्त्यातला बत्ता नाहीसा झाला. शेजारची जाईबाई मागून नेलेली वस्तू परत द्यायला विसरण्यात पटाईत. तिनं पोरांच्या शपथा घेतल्या, दुर्गानं मानल्या नाहीत. दोघींचं बोलणं बंद झालं आणि दुर्गा लसूण पाट्यावर ठेचू लागली.

दसऱ्याला गाळ्यात मशीनी धुऊनपुसून पूजा झाली. दुर्गानं सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं, पण त्या डायपाशी तिचा हात रेंगाळला. झेंडूचं सगळ्यांत मोठं फूल तिनं तिथंच ठेवलं.

घरी आली तर उत्तमनंही लाल फडक्यातलं गाठोडं पाटावर मांडलं होतं. दरवर्षी तो ते सोडायचा, तेल चोळायचा, मग कुंकू लावायचा. यंदा त्यानं गाठीवरच फूल वाहिलं.

“सोडत नाही?”

“राहू दे गो. हवा लागून गंजतं.”

“रामदास मिस्त्रीला देव सुखात ठेवो,” दुर्गा हात जोडून म्हणाली. “त्याच्यामुळं धड आहे मी.”

“चांगला माणूस आहे,” उत्तम म्हणाला. त्यानं आपट्याचं पान तिच्या तळहातावर ठेवलं आणि हात लगेच सोडला नाही. तर्जनीला नवं नख आलं होतं, ते बघत राहिला. मग सोनं वाटायला खाली गेला.

दुर्गा एकटीच पाटासमोर बसली. आज तिला सगळ्यांचंच भलं व्हावंसं वाटत होतं. ह्या लोखंडाला आपण किती शिव्या घातल्या! त्याचं म्हणून जगात एवढंच उरलंय, आणि तेही आपल्याला बघवत नव्हतं. आज आपणच तेल लावून ठेवू, परत आल्यावर खूश होईल.

तिनं तेलाची वाटी जवळ घेतली. गाठोडं उचललं, नेहमीसारखंच जड लागलं. गाठ घट्ट होती; सोडायला दहाही बोटं लागली.

आत, नीट पुसून ठेवलेला, तिचा बत्ता होता.