ग्रीक गोळे

फोन वाजला तेव्हा टेलरबाई एका पॅन्टची मोहरी दुमडत होती. पडद्यावर चिंगीचं नाव दिसलं आणि तिचा पाय मशीनवरून आपोआप उचलला गेला. सात महिन्यांत पहिल्यांदाच.

चिंगी तिच्या पोटची नव्हती. नवऱ्याच्या पहिल्या लग्नाची. पाचव्या वर्षापासून तेराव्यापर्यंत टेलरबाईने तिच्या वेण्या घातल्या. मग घटस्फोट झाला आणि पोर बापाबरोबर दुसऱ्या शहरात गेली. त्या कागदांत सावत्र आईसाठी एक ओळही नव्हती. आता चिंगी पंधराची होती.

"मावशी, ते ग्रीक गोळे कसे करायचे गं?"

ना कशी आहेस, ना काय चाललंय. टेलरबाईला हसू आलं. चिकनच्या खिम्याचे ते गोळे तिने एका मासिकात वाचून सहज करून पाहिले होते. नंतर चिंगीने रविवारी घरात दुसरं काही शिजूच दिलं नव्हतं. आज कोणासाठी बेत, तिने विचारलं. चिंगी जरा घुटमळली. मग म्हणाली की घरात बाळ आलंय, दहा दिवस झाले. बाबा कामावर जातात, आणि ती काहीच खात नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असते.

'ती' म्हणजे बापाची नवी बायको, हे विचारायची गरज नव्हती.

टेलरबाईने पॅन्ट बाजूला ठेवली. "खिमा किती आणलायस?"

मग ती सांगत गेली आणि चिंगी करत गेली. कांदा किसून मुठीत घट्ट पिळायचा, पाणी राहिलं तर गोळे फुटतात. पाव दुधात भिजवायचा. अंडं, लसूण, पुदिना, ओरेगॅनो. फेटा चीज नव्हतं, तर मीठ थोडं चढं घालायला सांगितलं. लिंबाची साल किसायची, पण पिवळी तेवढीच. पांढऱ्यापर्यंत गेलीस तर कडू होईल. एरवी मिरी ती सढळ हाताने घालायची. आज म्हणाली, चिमूटभरच घाल, बाळंतिणीला तिखट नको. हे बोलताना तिचा आवाज नेहमीसारखाच होता. तिचं तिलाच नवल वाटलं.

फोन ओट्यावर ठेवून चिंगी गोळे वळायला लागली. टेलरबाईला दिसत काहीच नव्हतं, तरी तिचे तळहात एकमेकांवर फिरत होते. मध्येच तिने उंचीचं विचारलं. वरचं कपाट हाताला लागतं आता, चिंगी म्हणाली. टेलरबाईने मनातल्या मनात तिचं माप घेतलं. खांदा, बाही, कंबर. एकही आकडा नक्की सांगता येईना.

तेल तापलं. गोळे पडले तसा चर्र आवाज आला, आणि नेमकं तेव्हाच आत बाळ रडायला लागलं. "आलेच," म्हणून चिंगी पळाली.

टेलरबाई फोन कानाशी धरून बसली. चरचर आधी ओली होती, मग कोरडी होत गेली. खालची बाजू झाली होती. "चिंगे, उलटव गं," ती म्हणाली. मग जरा मोठ्याने, "चिंगे, जळतील ते."

फरशीवर चपला घासत कोणीतरी आलं.

"चिंगी बाळाला घेऊन बसलीय," एक दमलेला आवाज म्हणाला. "तुम्ही कोण?"

टेलरबाईला चरचर अगदी कोरडी झालेली ऐकू येत होती.

"आधी ते गोळे उलटवा," ती म्हणाली. "एकेक. चमच्याने नको, उलथनं घ्या."

तव्याला उलथनं लागत राहिलं, सावकाश, थांबत थांबत. चरचर पुन्हा ओली झाली. मग पलीकडच्या बाईने नाकाने लांब श्वास ओढलेला ऐकू आला.

"अजून किती वेळ?"

"चार मिनिटं," टेलरबाई म्हणाली. "खुर्ची ओढून बसा. मी आहे फोनवर."