जेवणाची शिटी

लाकूड कापायच्या आरागिरणीच्या बॉयलरमधलं पाणी उतरलं, की धोक्याची शिटी वाजायची. पण पाणी असतानाही ती रोज दुपारी उगाच बोंबलायची, अन् कामगारांच्या बायका तिलाच जेवणाची शिटी समजून भाकरी घेऊन यायच्या. साहेबांनी ती दुरुस्त केली. तेव्हापासून शिटी मुकी, बॉयलरवाल्या मुखरूची भाकर थंड. "शिटीच नाई, तं कवा यावं मले कसं समजन?" बायको कमळा कुरकुरायची. आज दुपारी शिटी किंचाळली. मुखरूनं बॉयलरमधलं पाणी दाखवणारी काच पाहिली, कोरडी ठणठणीत! "पळा, बॉयलर फुटते!" माणसं फाटकाकडे धावली, त्याच फाटकातून समोरच्या वस्तीतल्या बायका गाठोडी सावरत आत शिरल्या. भट्टीतली लाकडं ओढावी, की बायकांना अडवावं? मुखरूला काही सुधरेना. "मांगं फिर, कमळा!" तो जिवाच्या आकांतानं ओरडला. शिटीत त्याचा आवाज बुडाला. कमळा हसली, अन् वाफाळत्या भाकरीचं गाठोडं तिनं उंच धरलं.