बदली डुला

सकाळी सव्वादहाला ग्रंथपालबाईंना कळा सुरू झाल्या, तेव्हा त्यांची डुला अंगभर गुलाबी औषध थापून घरात बसली होती. बेचाळिसाव्या वर्षी तिला कांजिण्या आल्या होत्या. खपल्या वाळेपर्यंत कुठल्याही गरोदर बाईच्या आसपास फिरकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि हिचं तर सगळं पोटपाणीच गरोदर बायकांवर.

डुला म्हणजे बाळंतपणातली सोबतीण. ती नाळ कापत नाही, इंजेक्शन देत नाही. पहिल्या कळेपासून बाळ छातीशी येईपर्यंत जवळ राहते, कंबर दाबते, धीर देते आणि नको त्या नातेवाइकांना खोलीबाहेर ठेवते. हिने नऊ वर्षं हे एकटीच्या बळावर केलं होतं. फोन उशाशी घेतल्याशिवाय कधी झोपली नव्हती. सख्ख्या भावाच्या लग्नातून जेवणाआधी उठून गेली होती. मग गेल्या वर्षी, व्यवसाय कसा टिकवावा, यावरचं दोन दिवसांचं शिबिर तिने केलं. तुमच्यावाचून अडतो तो धंदा नव्हे, ती वेठबिगारी, असं तिथल्या बाई म्हणाल्या तेव्हा सगळ्यांत जोरात मान हिनेच हलवली. घरी येऊन तिने करारात सातवं कलम घातलं: डुला आजारी पडल्यास बदली डुला येईल. आपण कधी आजारी पडू, हे मात्र तिच्या मनातही नव्हतं.

बदली म्हणजे धाकटी. गावात डुला दोघीच, म्हणून लोक एकीला थोरली म्हणत, दुसरीला धाकटी. भेटल्या की दोघी फार गोड बोलत, सवतींनी चारचौघांत बोलावं तसं. थोरलीच्या मते धाकटीचे हात गार होते.

अकरा वाजेपर्यंत थोरलीने धाकटीला सात सूचना धाडल्या. डाव्या कुशीवर त्यांना बरं वाटतं. पंखा नको. नवऱ्याला काहीतरी काम दे, नाहीतर तो रडत बसतो. आठवी लिहीत असतानाच उत्तर आलं: ताई, आता फोन बंद करते. फोन बंद ठेवायचा, लक्ष बाईकडे ठेवायचं, हा नियम धाकटीला थोरलीनेच शिकवला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मग तिच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. धाकटीने नीट पार पाडलं, तर आपल्यावाचून कुणाचं काही अडत नाही हे सिद्ध होणार. नीट पार पडलं नाही, तर नऊ वर्षांचं नाव एका दिवसात मातीत मिळणार. काहीही झालं तरी मरण तिचंच होतं.

तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. कांजिण्या त्याला लहानपणीच येऊन गेल्या होत्या, त्यामुळे तो निर्धास्त. भिंतीवर दुरुस्तीला आलेली अकरा घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. थोरली एकेका घड्याळापुढे उभी राहून, यातलं खरं कुठलं, असं विचारत होती. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याने डोळ्याचं भिंग काढलं आणि स्टुलावर चढून सगळी घड्याळं भिंतीकडे तोंड करून टांगली.

“घड्याळ बघितलं की वेळ लांबतो,” तो म्हणाला. “चाल थोडी. घोटघोट पाणी पी.”

“हे तुम्हाला कुणी शिकवलं?”

“तू फोनवर बायकांना सांगतेस ते नऊ वर्षं भिंतीपलीकडून ऐकतोय. आधी श्वास सोड. खांदे बघ कुठे गेलेत.”

खांदे कानाला टेकायला आले होते. तिने ते खाली घेतले. त्याने तिला खुर्चीवर उलटं बसवलं आणि फोड चुकवत तो तिची कंबर दाबायला लागला. जागा चुकली होती. तिने सांगितलं, जरा खाली, आणि दोन्ही हातांनी. जेवणानंतर ती म्हणाली की हे आपल्याला जमणार नाही. आणखी तासाभराने त्याच्यावरच खेकसली की हात लावू नका. तो मुकाट्याने बाजूला झाला आणि जवळच बसून राहिला. ही पायरी येतेच, आणि ती आली की आता फार वेळ उरलेला नसतो, हेही त्याने भिंतीपलीकडून ऐकलेलं होतं.

पावणेचारला फोन वाजला.

“मुलगी,” धाकटी म्हणाली. “दोघी छान आहेत.”

थोरलीने डोळे मिटले. मग उलटतपासणी सुरू केली. वजन किती, लगेच रडली का, छातीवर दिली का, टाके किती पडले. उत्तरं हवी तशी मिळत गेली. खोट काढायला कुठे जागाच नव्हती. तिला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं, आणि तरी तिने फोन ठेवला नाही.

“माझी आठवण काढली का गं त्यांनी?”

खरं सांगू का, असं धाकटीने दोनदा विचारलं.

“शेवटचा तासभर दुसरं काही नव्हतंच, ताई. तुमचं नाव घेऊन नुसत्या शिव्या. कळ म्हणजे लाट, येते नि जाते म्हणाली होती ना, कुठे आहे ती, आणा तिला इथे. मग बाई जे काय सुरू झाल्या, नर्सने उठून दार लावून घेतलं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

थोरली खुर्चीत टेकली. सकाळपासून पहिल्यांदाच तिचा चेहरा फुलला आणि गालावरच्या गुलाबी औषधाला तडे गेले. तिने फोन स्पीकरवर टाकला आणि नवऱ्याला हातानेच जवळ बोलावलं.

“कसल्या कसल्या शिव्या, ते नीट सांग,” ती म्हणाली. “पहिल्यापासून. एकही गाळू नकोस.”