हिरड्यांखालचं हाड

सासूबाईंनी चहा घेतला की कपाच्या कडेला रक्त लागलेलं असायचं. केतकीला शिसारी यायची. तिने त्यांचा कप वेगळा ठेवला, मग ताटही.

दात हलू लागले तेव्हा ती नाइलाजाने त्यांना डेंटिस्टकडे घेऊन गेली. एक्स-रे पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिरड्यांत पू आहेच, पण खालचं हाडही विरळ झालंय. सगळ्याच हाडांची तपासणी करून घ्या."

तपासणीत हाडं ठिसूळ निघाली. पाठीचे दोन मणके कधीच मोडले होते.

"इतकं दुखत असताना घरात कुणाला सांगितलं नाहीत, आजी?" हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," सासूबाई पुटपुटल्या.

"सांगितलं होतं," केतकी म्हणाली. बोलताना तिला स्वतःचीच किळस येत होती. "मी म्हटलं, कामं टाळायला नाटकं करताय."