जास्तीचं बटण

मुलाखतीला सात मिनिटं उरली असताना धायरीतली लाइट गेली. असले मुहूर्त लाइट कधी चुकवत नाही.

धम्मदीपनं पळत जाऊन पंखे, दिवे, फ्रिज बंद केले. इन्व्हर्टरची बॅटरी जुनी. तिच्यावर आता दोनच गोष्टी चालणार होत्या. बाहेर त्याचा लॅपटॉप आणि वायफाय, आत आईचं ऑक्सिजनचं मशीन. सिलिंडर भरायला गेला होता, आणि मशीनशिवाय दहा मिनिटंसुद्धा नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"आई, आज जास्तीचं एकही बटण चालू नको हं."

"मला सांगतोस व्हय?" सुंदराबाई नळीमागून हसल्या. मार्केट यार्डात तीस वर्षं कांदे निवडून त्यांनी घर चालवलं होतं. माणूस खोलीतून उठला की मागोमाग जाऊन बटण बंद करायचं, ही त्यांची जन्माची खोड.

मशीनची घरघर ऐकू जाऊ नये म्हणून त्यानं दार लावून घेतलं.

संशोधनाच्या जागेसाठी मांडायचा विषय आईला काल सांगून झाला होता. सगळे तारे विझतील, तेव्हा कृष्णविवरं उरतील. ती स्वतःभोवती फिरतात. त्या फिरण्यातून ऊर्जा काढून तेव्हाचे जीव अब्जावधी वर्षं तगतील.

"अन् तेवढ्यानंबी नाही भागलं तर?"

"मग महत्त्वाचं तेवढं चालू ठेवायचं. बाकीचं बंद."

"आपल्यावाणीच की," त्या म्हणाल्या होत्या.

मुलाखत सुरू झाली. चार वर्षांतली ही सहावी, आणि वयाच्या अटीमुळे शेवटची. पंधराव्या मिनिटाला बॅटरी संपत आल्याचं सांगत इन्व्हर्टर कोकलू लागला. धम्मदीप खुर्चीतून अर्धा उठला, तेवढ्यात आवाज थांबला.

आली लाइट! त्याचा जीव भांड्यात पडला. मग तो असा काही बोलला, की समोरच्या बाई लिहायच्या थांबल्या.

"अभिनंदन," अर्ध्या तासानं त्या म्हणाल्या. "पत्र पाठवतो."

तो आत धावणार, तोच खालच्या मजल्यावरच्या हेमाताई जिन्यातून ओरडल्या, "अहो, तुमच्याकडे तरी आलीय का लाइट? आमच्याकडे अजून पत्ता नाही."

"मघाशीच आली की!" म्हणत त्यानं आईचं दार उघडलं.

नळी नीट गुंडाळून उशाशी ठेवली होती. सुंदराबाई भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या.

"आई," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला.

भिंतीवरची पाचही बटणं बंद होती.