पाहुण्याचे हात

“अनटॅप्ड,” उलारबेक म्हणाला आणि त्याने लॅपटॉप मामासमोर फिरवला. पडद्यावर तोगुझ-बुलाकचं वरचं कुरण होतं, चारी बाजूंनी नारिंगी रेघ मारलेलं.

“म्हणजे काय रे?” सागिनालीने विचारलं.

“म्हणजे नुसतं पडून असलेलं. कुणी हात न लावलेलं. मामा, मे महिन्यात मी वरून ड्रोन उडवला. एक मेंढी दिसली नाही. एवढी मोक्याची जागा, आणि कुणाला पत्ताच नाही!”

सागिनालीने बायकोकडे पाहिलं. कानिशाय पातेल्यातलं मटण हलवत होती. तोगुझ-बुलाकमध्ये अर्धा जुलै सरेपर्यंत कुणी जनावर सोडत नाही. गवताला बी धरू द्यायचं, ते झडू द्यायचं, मगच कळप वर चढवायचे. त्याच गवतावर सात घरांची जनावरं हिवाळ्यापुरती चरबी धरतात. हा पोरगा याच तंबूत नऊ उन्हाळे राहिला होता. शिंगरू त्या गवतात शिरू दिलं म्हणून एकदा मामाचा मारही खाल्ला होता त्याने. आणि आता राजधानी बिश्केकच्या कंपनीचं कार्ड खिशात घालून साहेब तेच कुरण शोधून काढायला आले होते!

“काचेचे बारा तंबू,” उलारबेक बोटं नाचवत म्हणाला. “भोवती कुंपण. परदेशी पाहुणे गादीवर पडल्यापडल्या तारे बघणार. फक्त कुरण समितीचा शिक्का हवा, आणि तो तुमच्याच खिशात आहे.” मग तो डोळा मारून हसला. “भाच्याला मामा नाही म्हणत नसतो. हो ना?”

ते मात्र खरं होतं. आमच्याकडे भाच्याने तोंडाने मागितलं की मामाने द्यायचंच. पाच वर्षांपूर्वी याने शर्यतीचा तांबडा घोडा असाच मागून नेला होता आणि महिन्याभरात खाटकाला विकला होता. सागिनालीने तेव्हाही दिला. बहीण मातीआड गेलेली, तिच्या पोराला नाही कुठल्या तोंडाने म्हणायचं?

“मागायचं ते जेवण झाल्यावर,” सागिनाली म्हणाला. मग तो उठला आणि त्याने दारासमोरच्या, सगळ्यात आतल्या बैठकीकडे हात केला. “या. वर बसा.”

ती पाहुण्याची जागा. घरच्या पोराला तिथे बस म्हटलं, तर ते लाजून दाराकडे सरकतं. उलारबेक जाऊन बसला. मांडीखाली आणखी एक गादी ओढून घेतली.

मग सागिनालीने पाण्याची झारी उचलली.

कानिशायचा पळा पातेल्यातच थांबला. लहानाने मोठ्याच्या हातावर पाणी घालायचं असतं. म्हातारा ते करतो तो फक्त परक्यासाठी, लांबून आलेल्या, पुन्हा कदाचित न भेटणाऱ्या माणसासाठी. घरचा पोरगा असता तर त्याने झडप घालून झारी हिसकावली असती. सागिनाली दुखऱ्या गुडघ्यांवर वाकला आणि तसाच थांबला. बराच वेळ थांबला.

उलारबेकने घड्याळ वर सरकवलं आणि दोन्ही हात पुढे केले.

“जरा कोमट असतं तर बरं झालं असतं,” तो म्हणाला.

सागिनालीने पाणी घातलं. पुसायला पंचाही दिला.

मेंढ्याचं डोकं परातीत आलं, तेही पाहुण्याचा मान म्हणून उलारबेकच्याच पुढ्यात. त्याने फोनवर त्याचे तीन फोटो काढले. डोकं पुढ्यात आलं की कान कापून घरातल्या लहानग्याला द्यायचा, एवढंही त्याला आठवलं नाही. लहानपणी त्याच कानासाठी तो मामाच्या कोपराला चिकटून बसायचा. आता दोन बोटांनी मटणाचा एक तुकडा उचलून त्याने तोंडात टाकला आणि कागद काढला.

“तर मामा, भाचा म्हणून मागतो. तोगुझ-बुलाक द्या.”

“कोण भाचा?” सागिनालीने विचारलं.

“मामा, चेष्टा पुरे.”

“चेष्टा नाही. तुम्ही वर बसलात. मी तुमच्या हातावर पाणी घातलं, तुम्ही घालू दिलंत. माझ्या भाच्याने मला घालू दिलं नसतं. पाहुण्याला आम्ही पोटभर वाढतो. कुरण देत नाही.”

उलारबेकचा चेहरा उतरला. त्याने मामीकडे पाहिलं. ती उरलेलं मटण फडक्यात बांधत होती. पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. गाठोडं तिने त्याच्या लॅपटॉपवरच ठेवलं.

“तुमच्यासारख्यांमुळेच हा देश मागे आहे,” तो बूट चढवता चढवता म्हणाला.

“सांभाळून जा,” सागिनाली म्हणाला. “लांबचा रस्ता आहे तुमचा.”

गाडी उतारावरून दिसेनाशी झाली. परातीत डोकं तसंच होतं, दोन्ही कानांसकट.

“याला काय म्हणाला असता तो?” कानिशाय म्हणाली. “अनटॅप्ड?”

सागिनाली हसला नाही. त्याने सुरी घेतली, सवयीने एक कान कापला, आणि सवयीनेच कोपराशी पाहिलं. मग तो दारापर्यंत गेला आणि त्याने कान बाहेर भिरकावला.

कुत्र्याने तो वरच्या वर झेलला.